साठचा बल्ब

गोरेगाव स्टेशनाबाहेर टोपलीत होती,
गुलाबी, हिरवी, एक जांभळं.
तनूनं सहा घेतली.
विकणारा म्हणाला, दोन-तीन दिवस जगतात, ताई,
पोरीला खेळू दे.
खरं बोलला, म्हणून मी घासाघीस केली नाही.

दोन-तीन दिवसांचे सहा आठवडे झाले.
खोका वॉशिंग मशीनचा,
मशीन आमचं नव्हे, युनिट सोळाच्या सुपरवायझरचं,
खाली भुसा, वर साठचा पिवळा बल्ब,
बल्बला सुतळी, सुतळीला गाठी.
पाड्यावरच्या नवशीनं सांगितलं:
दर रविवारी एक गाठ वर घे.
पिल्लं कोपऱ्यात पळाली तर उकडतंय त्यांना.
बल्बखाली एकमेकांवर चढली तर थंडी.
पसरून झोपली, तर तुझं बरोबर चाललंय.
इतकं सरळ मला
सासरी-माहेरी कुणी काही सांगितलं नव्हतं.

जांभळं तिसऱ्या दिवशी गेलं.
बाकीची वाढली. नवं पीस पांढरं येतं,
विकत घेतलेला रंग मागे सरकतो.
एका खोलीत पाच कोंबड्या आणि आम्ही तिघं,
सुतळीखालून वाकून जायला शिकलेलो.
गंगाधर रात्रपाळी करून दिवसा झोपतो,
परवा हिरवं त्याच्या छातीवर चढून बसलं
आणि त्यानं झोपेतच त्याला थोपटलं.
पण वास येतो, खरंच येतो.

त्यानं खुराडं केलं,
दुधाचे फुटके क्रेट, बारीक जाळी,
वाऱ्याच्या बाजूला कुणा दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स.
चेहरे आत केलेत.
जाळी मुंगसासाठी आणि बोक्यासाठी.
बिबट्या आला तर त्याला जाळी काय आणि दादा काय.

आणि नेमकी थंडी पडली.
पेपरात छापून आलं, मुंबईत गुलाबी थंडी.
आमच्याकडे गुलाबी म्हणजे
एका पिल्लाची उरलेली मान.
मोबाइल म्हणाला, सांताक्रूझ चौदा.
आरेत दोन कमी धरायचे, तळ्याकडे तीन.
नवशी म्हणाली, थांबू नको,
चार दिवस बल्ब बंद ठेवलास ना? पिसं आली ना?
अंधारात ने. सकाळी उठतील
तेव्हा त्यांना वाटेल, आपण इथलेच.

मी वायर आणली होती, वीस फूट,
बाहेर बल्ब लावायला. तिनं गुंडाळून परत हातात दिली.
पेंढा आहे, पेटेल. ती पाच जणं आहेत,
तीच एकमेकांचा बल्ब.

पदरात एकेक नेलं.
उजेडात ओरडणारं पिल्लू अंधारात
नुसतं एक धडधडणं असतं, लिंबाएवढं.
आधी चिवचिव, तुटक,
मग लांबवलेली, मग घशातल्या घशात.
मी जाळीशी बसले, डोक्याला शाल, डास नव्हते
हेच काय ते थंडीचं कौतुक.

एक वाजता टेकडीमागे फटफटलं.
फिल्मसिटीत शूटिंग असावं.
पिल्लं जागी झाली, फ्लेक्सवरच्या दातांवर चोची मारू लागली.
मी म्हटलं, झोपा रे, ही पहाट पगारी आहे.
आणि हात आत घातला.
पिसांखाली ऊब होती, माझी नव्हे,
मी दिलेलीही नव्हे.
हात काढायला थोडा वेळ लागला.

आत आल्यावर सुतळी सोडली, गाठी सोडवल्या नाहीत,
तशीच गुंडाळून डब्यात ठेवली.
तनू म्हणाली, किती काळोख आहे गं आपल्याकडे.

साडेसहाला गंगाधर आला, माकडटोपी, तोंडातून वाफ.
आधी खुराड्याकडे गेला.
बाहेरूनच ऐकू आलं,
एक, दोन, ए हल ना, तीन, चार,
मग काही नाही,
मग पाच.

घरात आला, बूट काढले
आणि खोलीच्या मधोमध
नसलेल्या सुतळीखालून
नेहमीसारखा वाकून गेला.